दिव्यापलीकडील सेविका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

दरवर्षी १२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली परिचारिका होऊन मुंबईत, आखाती देशांत आणि त्याहूनही दूर रुग्णसेवा करीत आहेत. प्रशिक्षण सुरू करताना त्यांनी हाती दिवा घेऊन शपथ घेतलेली असते. हा दिवस आणि हा दिवा ज्या स्त्रीच्या नावाशी जोडला आहे, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळाच. मात्र ती शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत तयार झाली. चित्रांतून दिसणारा पणतीसारखा दिवाही त्यांचा नव्हे. त्यांच्या हाती होता तो घडी घालता येणारा, कागदी वा कापडी आवरणाचा तुर्की कंदील.

याहून मोठी गोष्ट अशी, की कंदील घेऊन रुग्णांच्या रांगांमधून फिरण्याचा काळ त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात दोन वर्षांहूनही कमी होता. त्यानंतरची पन्नास वर्षे त्यांनी बहुतांशी लंडनमधील एका खोलीत, अंथरुणाला खिळून, कागद आणि लेखणी यांच्या संगतीत काढली. त्या पन्नास वर्षांनी जगाला काय दिले, आपल्या मुंबई इलाख्याशी त्यांचा कसा संबंध आला आणि कॅथोलिक धर्मभगिनींचे त्यांच्या जीवनात कोणते स्थान होते, हे फारसे सांगितले जात नाही. या लेखात आम्ही त्यावरच अधिक भर देणार आहोत.

पाचारण आणि प्रतीक्षा

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. घराणे इंग्लंडमधील श्रीमंत जमीनदारांचे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, परमेश्वर आपल्याला सेवेसाठी बोलावीत आहे अशी तिला स्पष्ट जाणीव झाली. मात्र ती सेवा कोणती, हे तिला उमगले नव्हते. ते उमगायला काही वर्षे लागली आणि उमगल्यावर घरून परवानगी मिळायला आणखी काही वर्षे गेली.

त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांतील परिचारिकांची ख्याती चांगली नव्हती. त्यांना शिक्षण नसे, त्यांच्या मद्यपानाच्या कहाण्या सर्वत्र सांगितल्या जात आणि प्रतिष्ठित घरातील मुलीने त्या कामाचे नाव काढणे म्हणजे घराला कलंक. आई व बहीण यांनी आकांत केला. फ्लॉरेन्सने चांगली स्थळे नाकारली, पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचले आणि वाट पाहिली.

ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर

या प्रतीक्षेच्या काळातच त्यांचा कॅथोलिक ख्रिस्तसभेशी जवळून परिचय झाला. १८४७-४८ च्या हिवाळ्यात त्या रोमला होत्या. तेथे त्रिनिता देई मोंती येथील सेक्रेड हार्ट संघाच्या मठात त्यांनी काही दिवस आध्यात्मिक साधनेत घालवले. त्या मठातील मदर सांता कोलोंबा यांचे मार्गदर्शन त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

त्यांना एक गोष्ट तीव्रतेने जाणवली होती. अँग्लिकन पंथात बुद्धिमान व सेवोत्सुक स्त्रीला करण्यासारखे कामच नव्हते. कॅथोलिक ख्रिस्तसभेत मात्र धर्मभगिनींचे संघ रुग्णालये, अनाथालये आणि शाळा चालवीत होते. १८५२ साली त्यांनी हेन्री मॅनिंग यांच्यापाशी कॅथोलिक होण्याचा विषय काढला. मॅनिंग स्वतः आदल्याच वर्षी अँग्लिकन पंथ सोडून आले होते आणि पुढे ते कार्डिनल झाले. त्यांनी फ्लॉरेन्सबाईंना प्रवेशाचा आग्रह केला नाही. श्रद्धेची सारी शिकवण मनोमन स्वीकारून नव्हे, तर सेवेला वाव मिळावा म्हणून ही स्त्री येऊ पाहते आहे, हे त्यांनी ओळखले असे चरित्रकार सांगतात. परंतु त्यांनी दार बंदही केले नाही. पॅरिसमध्ये धर्मभगिनींच्या हाताखाली रुग्णसेवा शिकण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी साहाय्य केले. त्याआधी फ्लॉरेन्सबाई जर्मनीतील कैझरस्वेर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेतही राहून आल्या होत्या.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची जबाबदारी त्यांना मिळाली. ते रुग्णालय केवळ अँग्लिकन स्त्रियांपुरते ठेवावे असे व्यवस्थापकांच्या मनात होते. कॅथोलिक आणि यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळालाच पाहिजे व त्यांच्या धर्मगुरूंना त्यांना भेटता आलेच पाहिजे, या अटीवर फ्लॉरेन्सबाई अडून बसल्या आणि त्यांनी ती मान्य करून घेतली.

स्कुटारीचे रुग्णालय

१८५४ साली ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचे रशियाशी क्रिमियन युद्ध सुरू होते. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. फ्रेंच सैन्याच्या सोबतीला धर्मभगिनी आहेत, मग आपल्या सैनिकांना कोण, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे रोमपासूनचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी फ्लॉरेन्सबाई ३८ सेविकांसह निघाल्या. या ३८ जणींमध्ये १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. त्यांपैकी पाच जणी लंडनच्या बर्मंडसी भागातील सिस्टर्स ऑफ मर्सी संघाच्या होत्या आणि त्यांच्या प्रमुख होत्या मदर मेरी क्लेअर मूर.

४ नोव्हेंबर रोजी ही तुकडी इस्तंबूलसमोरील स्कुटारी येथे पोहोचली. बराकीचे रुग्णालय केलेले होते. मैलोगणती लांबीचे ओहरे, जमिनीवर दाटीने पडलेले रुग्ण, खाली तुंबलेली गटारे, अंगावर उवा. पट्ट्या नाहीत, थाळ्या नाहीत, साबण नाही. लष्करी डॉक्टरांना स्त्रियांची ही लुडबूड नको होती. फ्लॉरेन्सबाईंनी जमवून आणलेल्या निधीतून भांडी, सदरे, चादरी विकत घेतल्या, धुण्याची सोय केली, आजाऱ्यांसाठी वेगळे स्वयंपाकघर चालवले. सैनिकांची पत्रे लिहिली, त्यांचे पैसे घरी पाठवण्याची व्यवस्था केली. रात्री कंदील घेऊन त्या ओहऱ्यांतून फिरत, हे चित्र वृत्तपत्रांनी इंग्लंडभर नेले.

या काळातील एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे. डिसेंबर १८५४ मध्ये मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांच्यासह १५ धर्मभगिनी सेविकांच्या दुसऱ्या तुकडीतून आल्या. त्यांत बहुतेक आयर्लंडच्या होत्या. आपल्याला न विचारता ही तुकडी पाठवली म्हणून फ्लॉरेन्सबाई संतापल्या. मदर ब्रिजमन यांनाही एका अँग्लिकन बाईची सत्ता आपल्या भगिनींवर चालावी हे मान्य नव्हते. दोघींचे कधीच जुळले नाही. फ्लॉरेन्सबाईंची लेखणी या बाबतीत तिखट होती आणि न्याय्यही नव्हती, कारण त्या धर्मभगिनींचे रुग्णसेवेतील कौशल्य वादातीत होते. त्यांपैकी सिस्टर विनिफ्रेड पटकीने आणि सिस्टर एलिझाबेथ बटलर टायफसने बालाक्लाव्हा येथे मरण पावल्या. त्याच परिसरात जमैकाच्या मेरी सीकोल स्वखर्चाने येऊन सैनिकांची शुश्रूषा करीत होत्या. लंडनमध्ये सेविकांच्या निवडीत या कृष्णवर्णीय बाईंना नकार मिळाला होता. पुढे त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. १८८१ साली त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या कॅथोलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. या स्त्रियांच्या वाट्याला दिव्याचा प्रकाश आला नाही.

आकड्यांनी दिलेली साक्ष

एवढी धडपड करूनही १८५४-५५ च्या हिवाळ्यात स्कुटारीतील मृत्यू थांबले नाहीत, उलट वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. मार्च महिन्यात सरकारने स्वच्छता-आयोग पाठवला. त्या मंडळींनी गटारे उपसली, पाण्याच्या मार्गात सडत असलेली जनावरे काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

युद्ध संपून १८५६ साली फ्लॉरेन्सबाई मायदेशी परतल्या तेव्हा देश त्यांच्या स्वागताला आतुर होता. त्यांनी सत्कार टाळले आणि गुपचूप घर गाठले. पुढील वर्षी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्या युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडीत असताना त्यांच्यापुढे एक भीषण सत्य उभे राहिले. रणांगणावर पडलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक ज्वर, अतिसार आणि पटकी यांनी मेले होते आणि त्यांतील बहुसंख्य वाचू शकले असते. ज्या रुग्णालयात त्यांनी अहोरात्र सेवा केली, त्या इमारतीची घाणच रुग्णांचे प्राण घेत होती. प्रेमळ हात तेथे होते, निद्रेचा त्याग होता, प्रार्थना होती. निचऱ्याची व्यवस्था मात्र नव्हती.

आमच्या मते हा फ्लॉरेन्सबाईंच्या जीवनातील खरा कसोटीचा क्षण होय. सारा देश गौरव करीत असताना आपल्या सेवेभोवतीचे अपयश स्वतःच आकड्यांत मांडायचे, याला मोठे मनोधैर्य लागते. त्यांनी ते आकडे दडवले नाहीत. सामान्य राजकारण्यालाही कळावे म्हणून त्यांनी वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढल्या. महिन्यामहिन्याचे मृत्यू त्यांत दाखवले आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंना वेगळा रंग दिला. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना आपल्या पहिल्या स्त्री सभासदाचा मान दिला. १८६० साली, कृतज्ञ जनतेने उभारलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका प्रशाला सुरू झाली. तेथून शिकून निघालेल्या परिचारिकांनी पुढे देशोदेशी अशाच प्रशाला सुरू केल्या.

या वेळेपर्यंत फ्लॉरेन्सबाई स्वतः आजारी झाल्या होत्या. क्रिमियात जडलेल्या ज्वराने त्यांची पाठ सोडली नाही. १८५७ पासून त्या बहुतेक काळ खोलीतच असत. मंत्री, सेनाधिकारी, गव्हर्नर यांना भेटीसाठी त्यांच्या दारी यावे लागे.

मदर क्लेअर यांची मैत्री

या एकांतवासात त्यांना ज्या थोड्या माणसांचा आधार वाटला, त्यांत बर्मंडसीच्या मदर क्लेअर अग्रभागी होत्या. डब्लिनच्या एका प्रोटेस्टंट घरात १८१४ साली त्यांचा जन्म झाला होता आणि लहानपणीच कुटुंबासह त्या कॅथोलिक झाल्या होत्या. स्कुटारीत त्यांनी व त्यांच्या भगिनींनी कोठारे आणि स्वयंपाकघर शांतपणे सांभाळले. कोणतीही तक्रार नाही, गाजावाजा नाही. १८५६ च्या वसंतात प्रकृती ढासळल्याने मदर क्लेअर यांना परतावे लागले, तेव्हा फ्लॉरेन्सबाईंनी त्यांना पत्र लिहून कबुली दिली, की या कामाच्या प्रमुखपदासाठी आपल्यापेक्षा त्याच अधिक योग्य होत्या. स्वभावाने कठोर आणि सहजासहजी कोणाची स्तुती न करणाऱ्या स्त्रीची ही कबुली आहे, हे लक्षात घ्यावे.

ही मैत्री १८७४ साली मदर क्लेअर यांचे निधन होईपर्यंत टिकली. मदर क्लेअर त्यांना अविलाची संत तेरेजा, क्रूसभक्त संत योहान, सिएनाची संत कॅथरिन यांचे ग्रंथ वाचायला पाठवीत. फ्लॉरेन्सबाई ते आस्थेने वाचीत आणि त्यावर मोकळेपणाने लिहीत. त्या शेवटपर्यंत कॅथोलिक झाल्या नाहीत. त्यांची मते अनेक बाबतींत अँग्लिकन पंथाच्या शिकवणीपासूनही दूर होती. तरीही धर्मभेदाच्या पलीकडे जाऊन दोन स्त्रियांनी एकमेकींच्या श्रद्धेचा आदर केला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथोलिकांविषयी केवढा विखार होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मैत्रीचे मोल कळेल. १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी वर्षात, हयात असलेल्या बर्मंडसीच्या भगिनींना रॉयल रेड क्रॉस हा सन्मान देण्यात आला.

न पाहिलेला हिंदुस्थान

फ्लॉरेन्सबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत दीर्घ काम याच भूमीसाठी होते. १८५७ च्या उठावानंतर येथील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. फ्लॉरेन्सबाईंनी स्वतः प्रश्नावली तयार करून येथील लष्करी ठाण्यांना पाठवली. उत्तरांचे ढीग लंडनला येऊन पडले. पिण्याचे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका खोलीत किती माणसे झोपतात, असे ते साधे प्रश्न होते. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसले, की येथे ब्रिटिश सैनिकांमध्ये दर हजारी ६९ मृत्यू दरवर्षी होत असत. पुढील दहा वर्षांत सुधारणांमुळे हे प्रमाण दर हजारी १८ पर्यंत उतरले, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर हे १८६७ पासून या कामी त्यांचे मोठे साहाय्यक झाले.

सुरुवात सैनिकांपासून झाली खरी. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की छावणीभोवतीची गावे रोगग्रस्त असताना छावणी निरोगी राहू शकत नाही. मग त्यांची दृष्टी रयतेकडे वळली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकात हिंदुस्थानच्या रयतेवर दीर्घ लेख लिहिला. कालवे, सारा आणि दख्खनच्या शेतकऱ्याला पिळणारे सावकारी कर्ज, या सर्वांचा आरोग्याशी संबंध आहे असे त्या आग्रहाने मांडू लागल्या. उपाशी माणसाला स्वच्छतेचा उपदेश पुरेसा नाही, हे त्यांना उमगले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दादाभाई नौरोजी यांच्याशी त्यांचा संबंध आला. बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राच्या १८९२ सालच्या लंडन आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

मुंबई इलाख्यासाठी १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. तो तयार होत असताना त्यांनी त्याचा बारकाईने पाठपुरावा केला. गावाकडून वसूल होणारा कर आधी गावाच्या पाण्यासाठी व स्वच्छतेसाठी खर्च व्हावा, ही त्यांची मागणी होती. १८९६ साली त्यांनी ग्रामीण हिंदुस्थानासाठी आरोग्यप्रचारकांची कल्पना मांडली. गावकऱ्यांच्या विश्वासातील माणसांनी घरोघरी जाऊन, त्यांच्या चालीरीतींचा मान राखून, समजावून सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सैनिक घरांत शिरले आणि सक्तीमुळे लोकांच्या मनात केवढा क्षोभ उसळला, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

त्यांच्या मर्यादाही होत्या. ब्रिटिश राज्य चांगले चालवता येईल, यावर त्यांची श्रद्धा होती. ते राज्यच असावे का, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला नाही. सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हे मानायला त्यांनी बराच काळ घेतला. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीलाही त्यांनी विरोध केला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना त्यांचा धाक वाटे आणि कधी कधी त्रासही होई.

अखेरचे दिवस

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची दृष्टी गेली, स्मृतीही मंदावत गेली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, झोपेतच त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याची तयारी दाखवली गेली होती. कुटुंबीयांनी ती नम्रपणे नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या लहान गावी, आईवडिलांच्या शेजारी, त्या विसावल्या. थडग्यावर पूर्ण नावही नाही. केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

आपल्यासाठी

प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शमरोनीच्या दाखल्यात दोन कामे आहेत, हे आपण बरेचदा विसरतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, हे पहिले. त्याला उताराशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे वचन दिले, हे दुसरे. पहिल्या कामाची चित्रे आपल्या मंदिरांत लागतात. दुसऱ्या कामाचे चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे. फ्लॉरेन्सबाईंची दोन वर्षे पहिल्या कामात गेली आणि पन्नास वर्षे दुसऱ्या कामात.

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या संकटात आपण सर्वांनी खिडक्यांत उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या व थाळ्या वाजवल्या. त्या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. परंतु एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, तिला वेळेवर व पुरेसे वेतन मिळते का, रात्रपाळीनंतर ती सुखरूप घरी कशी पोहोचते, हे प्रश्न टाळ्या थांबल्यावर किती जणांनी विचारले? आपल्या गावातील विहिरींचे पाणी तपासले जाते का, पावसाळ्यात गटारांचे पाणी कोठे मुरते, हे प्रश्न आपल्या धर्मग्रामाच्या सभेत येतात का?

येत्या १२ मे रोजी मिस्साबलिदानात आपण परिचारिकांसाठी अवश्य प्रार्थना करू, त्यांच्या हाती पुष्पगुच्छही देऊ. त्याच दिवशी आपल्या धर्मग्रामातील परिचारिकांना एकत्र बसवून त्यांच्या अडचणी ऐकून घेतल्या, त्या कागदावर नोंदवल्या आणि त्यांतील एकीचा तरी वर्षभर पाठपुरावा केला, तर फ्लॉरेन्सबाईंना तो दिव्यांच्या ओळीपेक्षा अधिक आवडला असता, असे आम्हांस वाटते.